पंधरा हजार एकशे एक

"नाव पुकारलं की डावीकडून चढायचं," डहाळे सांगत होते. "मुलगी पुढे, वडील मागे. पाकीट दोघांनी धरायचं. फोटोवाला हात वर करेपर्यंत सोडायचं नाही. मग तबकात तुमची काय देणगी असेल ती ठेवायची आणि उजवीकडून उतरायचं. कळलं?"

"कळलं," आण्णा म्हणाले.

"देणगी आणलीय ना?"

आण्णांनी शर्टाच्या खिशावर हात ठेवला. खिशात एकशे एक रुपयांचं पाकीट होतं. आईने सकाळी स्वतः भरून दिलं होतं.

२ ऑगस्ट २००९, रविवार. सांगलीतलं एक मंगल कार्यालय. आमच्या कासार समाजाच्या जिल्हा मंडळाचा गुणगौरव समारंभ होता आणि डहाळे मंडळाचे चिटणीस होते. स्टेजच्या पायऱ्यांपाशी चौदा मुलांची रांग होती. पहिल्या नऊ जणांना मार्कांबद्दल शाल आणि पितळी तांब्या मिळणार होता. उरलेल्या पाच जणांना शिक्षणासाठी मदत. मी रांगेत दहावी, म्हणजे मदतवाल्यांत पहिली.

मला कोल्हापूरच्या एका कॉलेजात बी. फार्मसीला प्रवेश मिळाला होता. फीची निम्मी रक्कम सरकार भरणार होतं, तीही कॉलेजला वर्षाच्या शेवटी. राहिलेली निम्मी फी, विकास निधी, अनामत आणि वसतिगृह हे सगळं आम्ही भरायचं होतं. आण्णा बांगड्यांचा धंदा करायचे, तासगावच्या आसपासच्या गावांत. नागपंचमीचा हंगाम त्यांचा सगळ्यात मोठा. त्या वर्षी त्यांनी पंचमीला निम्माच माल भरला आणि उरलेले पैसे कॉलेजात भरले. तरी पंधरा हजार कमी पडत होते. बँकेच्या मॅनेजरनी शैक्षणिक कर्जाला नाही म्हटलं नाही. महिना तरी लागेल, म्हणाले. कॉलेजची शेवटची तारीख होती मंगळवार, चार ऑगस्ट, संध्याकाळी पाच. पैसे आले नाहीत तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. मंडळाच्या पाकिटात बरोबर पंधरा हजार होते.

आई बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत, जांभळं इरकल नेसून बसली होती. मधूनमधून रांगेकडे बघून, केस नीट कर, अशी मला खूण करत होती.

माझ्या आधीचा मुलगा सांगलीतल्या भांड्यांच्या दुकानाच्या मालकाचा, अंदुरे शेटचा. त्याला ब्याण्णव टक्के होते. शेटनी तबकात पाकीट ठेवलं आणि माईकवर असलेल्या रासने गुरुजींनी पुकारलं, "अंदुरे परिवाराकडून मंडळाच्या वसतिगृह निधीस अकरा हजार रुपये!" टाळ्या झाल्या. सत्काराला स्टेजवर गेलेल्याने रिकाम्या हाताने उतरायचं नाही, अशी आमच्यात पद्धत आहे. बहुतेक जण एक्कावन्न देतात, एकशे एक देतात. अकरा हजार त्या दिवशी पहिल्यांदाच झाले.

मग माझं नाव आलं.

"कुमारी ऊर्मिला दत्तात्रय वेळापुरे, तासगाव," गुरुजींनी वाचलं. आम्ही चढलो. गुरुजी चाळीस वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले होते. त्यांनी हातातला कागद चष्म्यापासून थोडा लांब धरला आणि माझ्या अर्जातला मजकूर वाचायला सुरुवात केली.

"वडील डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन दारोदार फिरतात. घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची आहे. महिन्यातून कित्येक दिवस घरात चूल पेटत नाही." इथे ते थांबले. "मुलीच्या ताटात काय वाढावं, या विवंचनेत आई रात्र रात्र जागून काढते. बंधू-भगिनींनो, अशा उपासमारीतून या मुलीने..."

पुढचं मी ऐकलं नाही. आईच्या डाव्या-उजव्या हाताच्या दोन बायका मान वळवून तिच्याकडे बघत होत्या. पुढच्या रांगेतली एक बाई पूर्ण मागे वळली. आईने आधी पदर सारखा केला आणि मग स्टेजकडे बघितलं.

अध्यक्षांनी पाकीट पुढे केलं. आण्णांनी एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या बाजूने. फोटोवाल्याने हात वर केला. आण्णांनी पाकीट माझ्या हातातून सोडवून घेतलं, तबकात ठेवलं, खिशातलं एकशे एकचं पाकीट काढून त्याच्यावर ठेवलं आणि गुरुजींना म्हणाले, "वसतिगृह निधीला. पंधरा हजार एकशे एक."

गुरुजींनी माईकवर हात ठेवला. "वेळापुरे, अहो, ते मुलीच्या फीचे आहेत."

"माहीत आहे. पुकारा."

"जरा विचार..."

"गुरुजी, पुकारा."

गुरुजींनी पुकारलं. टाळ्या अंदुरे शेटपेक्षा जास्त वेळ चालल्या. आण्णा सांगितल्याप्रमाणे उजव्या बाजूने उतरले. त्यांच्या मागून मी उतरले.

डहाळ्यांनी आम्हाला भटारखान्याच्या बोळात गाठलं.

"हे काय केलंत हो?"

"दिले," आण्णा म्हणाले.

"दिले म्हणजे? माईकवर पुकारलेलं असं लगेच परत घेता येत नाही. अर्ज द्या, मी कमिटीपुढे ठेवतो. पण कमिटी आता बसणार गणपतीनंतर."

"अर्ज नको."

"मग हिची फी? परवा शेवटचा दिवस ना?"

"बघतो."

"बघता काय! दोन दिवसांत काय बघणार तुम्ही?"

तेवढ्यात आई आली. पंगती बसायला लागल्या होत्या. आत जिलेबी होती, मसालेभात होता. डहाळे ओशाळून म्हणाले, "वहिनी, जेवून घ्या आधी."

"मी नाही जेवणार," आई म्हणाली. "इथे दोन घास जास्त खाल्ले तर म्हणतील, बघा, बिचारी किती दिवसांची उपाशी."

त्यामुळे आम्ही तिघं त्या दिवशी खरोखरच उपाशी निघालो.

तासगावच्या एसटीत मागची तिघांची सीट मिळाली. मी खिडकीशी, मधे आई, कडेला आण्णा. गाडी स्टँडमधून बाहेर पडली.

"ते कुणी लिहिलं होतं?" आईने विचारलं. आवाज चढवला नव्हता.

"काय?"

"चूल पेटत नाही. कुणी लिहिलं?"

मी बाहेर बघत होते. मला वाटलं, आता आण्णा माझ्याकडे बघतील.

"मी सांगितलं लिहायला," आण्णा म्हणाले.

"तुम्ही?"

"डहाळे म्हणाले होते, परिस्थिती नीट लिहा, नाहीतर कमिटीत अर्ज मागे पडतो. लिहिताना जरा जास्त झालं."

"जरा? आपल्या घरात चूल तरी आहे का? गॅस आहे! आणि डोक्यावर पेटी कुठली? एम-एट्टीवर फिरता तुम्ही!" बसमधल्या दोघा-तिघांनी मागे बघितलं, तशी तिने आवाज खाली आणला. "ती शेजारची कोण बाई, मला विचारते, अहो खरंच का? काय सांगू तिला? मी माझ्या पोरीला उपाशी ठेवते?"

"चुकलं."

"बरं, लिहिलं तर लिहिलं. मग घ्यायचे ना ते पैसे! मी ऐकून घेतलं असतं. दोन बाया बघतील, चार दिवस बोलतील, संपलं. लाज पण घालवलीत आणि पैसे पण घालवलेत."

आण्णांनी समोरच्या सीटचा दांडा धरला होता. गाडी कवलापुरात थांबली, सुटली.

अर्ज मी लिहिला होता. आण्णांनी मला काहीही सांगितलं नव्हतं. डहाळ्यांशी फोनवर मीच बोलले होते आणि ते म्हणाले होते, "पोरी, सौम्य लिहू नकोस. चाळीस अर्ज आलेत." मी दुपारी घरात बसून एका मासिकातल्या लेखावरून ती वाक्यं जुळवली. चूल, जागरण, डोक्यावरची पेटी. कमिटीतले पाच-सहा जण वाचतील आणि फायलीत ठेवतील, असं धरून चालले होते. लिहून झालं तेव्हा आण्णा ओसरीवर माल निवडत होते, तडा गेलेल्या बांगड्या बाजूला काढत होते. मी कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, इथे सही करा. त्यांना पाणी आणायला आत गेले. परत आले तोवर सही झालेली होती.

बसमध्ये मी बोलायला हवं होतं. कवलापूर ते तासगाव ही जवळपास अर्ध्या तासाची वाट होती. मी बोलले नाही.

सोमवारी सकाळी साडेसहाला आण्णांनी एम-एट्टी बाहेर काढली आणि मला हाक मारली. "चल."

"कुठे?"

"येळावी. मग निमणी. मग बघू."

आई दारात आली. "आता कुठे निघालात?"

"पैसे आणायला."

"कुणाकडून? अंदुरे शेटकडून?"

आण्णांनी किक मारली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांनी बांगड्यांची पेटी घेतली नव्हती. पेटीशिवाय त्यांना गावांकडे जाताना मी कधी बघितलं नव्हतं.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. लग्नाच्या चुड्याचे पैसे आधी घेत नाहीत. कासार मांडवात बसतो, घरातल्या आणि पाहुण्यारावळ्यांतल्या सगळ्या बायकांना बांगड्या भरतो, शेवटी नवरीला चुडा भरतो. शेवटची बांगडी हातात चढली की नवरी वाकून नमस्कार करते. मग घरातली कर्ती बाई सुपात तांदूळ, नारळ आणि पैसे घालून कासारापुढे ठेवते. त्याआधी पैशाचा विषय काढायचा नाही. हा नियम आण्णांच्या वडिलांनी पाळला, आण्णांनीही तोपर्यंत सव्वीस वर्षं पाळला होता.

येळावीत आम्ही जमदाड्यांच्या वस्तीवर थांबलो. हिराबाई जमदाडे गोठ्यातून हात पुसत आल्या.

"कासारमामा? पंचीम तर झाली की. आज कसं काय?"

"बांगड्या घेऊन नाही आलो, वहिनी. मागायला आलोय."

"काय मागताय?"

"तुमच्या सुनंदाचं यंदा करणार ना?"

"तुळशीच्या लग्नानंतर बघू म्हणतोय. एक स्थळ हाय पलूसचं. का ओ?"

"तिच्या चुड्याचे पैसे मला आज द्या. सगळ्या मांडवाच्या बांगड्या भरीन, तेव्हा एक रुपया घेणार नाही. पोरीला शिकायला घातलंय. पैसे कमी पडलेत. उद्या शेवटचा दिवस आहे."

हिराबाई काही बोलायच्या आत सोप्यातून आवाज आला. त्यांच्या सासू, गोदाक्का, भिंतीला टेकून शेंगा फोडत बसल्या होत्या.

"आधी चुड्याचं पैसं? आरं, पोरीचं ठरलं न्हाई अजून. कुणी ऐकलंय का असलं?"

"कुणी नाही, आक्का."

"तुझ्या बापानं कधी मागितलं?"

"नाही मागितलं."

"मग?"

"मग काही नाही. मला लागतात म्हणून मागतोय."

गोदाक्कांनी मला जवळ बोलावलं. "काय शिकणार गं तू?"

"औषधांचं."

"म्हंजी सुया टोचणार?"

"नाही. गोळ्या, औषधं कशी बनतात ते."

"गुडघ्याचं हाय का काय त्यात?"

"असेल."

"आसंल म्हणती! एवढं पैसं भरून आसंल!" त्या आण्णांकडे वळल्या. "आन लगीन न्हाईच ठरलं तर?"

"तर पैसे परत."

"आन तूच मेलास तर?"

"आत्याबाई!" हिराबाई म्हणाल्या.

"इचारू दे की. धा हजारांचा हिशेब न्हाई, पर इचारायला नगं?"

"मी नसलो तर ही येईल," आण्णा म्हणाले. "हिला भरता येतात."

"येत्यात का गं? किती वाढत्यात तुझ्या हातनं?"

काचेची बांगडी फुटली असं आम्ही म्हणत नाही, वाढली म्हणतो. "चारातली एक," मी खरं तेच सांगितलं.

गोदाक्का हसल्या. दात नव्हते, सगळं तोंड हसलं. "मग तू जग बाबा," त्या आण्णांना म्हणाल्या. "माझ्या नातीचा चुडा हिच्याकडनं नगं." आणि सुनेला म्हणाल्या, "दे गं."

हिराबाईंनी आतून दीड हजार आणून दिले. आण्णांनी ते कपाळाला लावले आणि वहीत लिहून घेतलं: सुनंदा जमदाडे, चुडा व मांडव.

त्या दिवशी आम्ही चार गावं आणि सोळा घरं फिरलो. पाच घरांनी नाही म्हटलं. निमणीत एका माणसाने, मुलीला शिकवण्यापेक्षा तेवढ्यात तिचंच उरकून टाका, असा सल्ला दिला. आण्णा "बरं" म्हणाले आणि गाडी वळवली. सावळजला एकीने निम्मे दिले, निम्मे नंतर देते म्हणाली. आण्णांनी निम्मेच लिहिले. एका घरात मालक नव्हता म्हणून आम्ही दीड तास पारावर बसलो. माझी पाठ दुखत होती, डोळ्यांत धूळ गेली होती आणि दर घरी तेच वाक्य ऐकून मला कंटाळा आला होता. पोरीला शिकायला घातलंय. पैसे कमी पडलेत. उद्या शेवटचा दिवस आहे. सोळाही दारांत आण्णांनी ते तसंच म्हटलं. त्यात भर घातली नाही, काही गाळलंही नाही. एका बाईने स्वतःहून, "लई वाईट दिवस आलं का वो मामा?" असं हळहळून विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "नाही. खाऊन-पिऊन आहे. फीला कमी पडलेत." तिने पाचशे कमी दिले.

मला त्यांचा राग येत होता. आदल्या दिवशी फुकट हातात आलेले पैसे त्यांनी टाकून दिले होते आणि आता त्याच पैशांसाठी गिऱ्हाइकांच्या अंगणात उभे राहत होते. पुढच्या हंगामातली कमाई आत्ताच विकत होते. सोळा दारांत मागायला लाज वाटत नव्हती, मग एका स्टेजवर घ्यायला का वाटली? हे मी विचारलं नाही, कारण त्यातून दुसरा प्रश्न निघाला असता.

शेवटचं घर सावळजच्या बाहेर, द्राक्षबागेतलं. त्या बाईला दोन मुली होत्या. दोघींचे एकदम तीन हजार दिले आणि म्हणाली, "मामा, दोघींचं एकाच मांडवात केलं तर मात्र थोडं परत द्यावं लागंल हां." आण्णा दिवसभरात पहिल्यांदा हसले. संध्याकाळी सहाला आमच्याकडे पंधरा हजार दोनशे झाले होते. दोनशेचं पेट्रोल घातलं.

मंगळवारी सकाळी निघताना आईने कापडी पिशवी माझ्या हातात दिली. उचलवेना. आत चार डबे होते. चपात्या, दोन भाज्या, दहीभात, शेंगदाण्याच्या पोळ्या.

"आई, आम्ही दोघंच आहोत."

"असू दे. वाटेत कुणी विचारलं तर उघडून दाखव."

हे ती माझ्याकडे बघून म्हणाली, पण आण्णांसाठी होतं. आदल्या संध्याकाळपासून ती त्यांच्याशी माझ्यामार्फत बोलत होती. आण्णांनी पिशवी माझ्या हातातून घेतली.

कॉलेजच्या फी खिडकीपुढे रांग होती. आमचा नंबर दुपारी तीन वाजता लागला. खिडकीतल्या माणसाने नोटा मोजल्या, एक फाटकी निघाली ती परत केली, आण्णांनी दुसरी दिली. त्याने शिक्का मारला आणि पावती सरकवली. मला वाटलं होतं काहीतरी वाटेल. आम्ही बाजूला झालो, मागच्या माणसाने कागद पुढे केले.

सायकल स्टँडच्या कठड्यावर बसून आम्ही जेवलो. आण्णांनी दोन चपात्या खाल्ल्या, तिसरी घेतली. मी हातातली चपाती परत डब्यात ठेवली.

"आण्णा, तो अर्ज," मी म्हटलं. "तो मी लिहिला होता. तुम्ही न वाचता सही केलीत."

"वाचला होता."

"कधी?"

"तू पाणी आणायला गेलीस तेव्हा. तुझं अक्षर चांगलं आहे, वाचायला वेळ लागत नाही."

"सगळा वाचलात?"

"चूल, पेटी. सगळा."

"मग सही का केलीत?"

"पंधरा हजार होते." त्यांनी चपातीचा तुकडा भाजीत बुडवला. "कागदावर आहे, म्हटलं. असू दे. कमिटीत चार लोक वाचतील, मला काय म्हणायचं ते म्हणतील. मी म्हणून घेतलं असतं."

"मग?"

"तुझी आई समोर बसली होती की."

एक शिपाई स्टँडमधल्या सायकली ओळीत लावत होता. आण्णा तिकडे बघत होते.

"पैसे घेऊन खाली उतरलो असतो," ते म्हणाले, "तर ते खरं झालं असतं. त्या बायांच्या देखत. नवरा बायकोला उपाशी ठेवतो म्हटलेलं चालतं. बाई पोराला उपाशी ठेवते, हे नाही चालत. आता निदान चार जण म्हणतील, एवढे देऊन गेला, म्हणजे असेल की घरात काहीतरी."

"आई म्हणते, तिने ऐकून घेतलं असतं."

"घेतलं असतं. माहीत आहे मला."

"मी तिला सांगते आज. मी लिहिलं म्हणून."

"नको."

"का? ती तुमच्याशी बोलत नाही."

"बोलेल." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "हे बघ, मी तिच्याबरोबर रोज आहे. रोज थोडं थोडं बोलेल, थोडं थोडं संपेल. तू आता इथे राहणार. दोन महिन्यांनी एकदा येणार. तुझं नाव निघालं तर दर वेळी ते नवीन होईल. चार वर्षं तुला त्या घरी यायचंय. माझ्यावर असू दे."

मी वाद घातला नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

पुढच्या वर्षीपासून बँकेचं कर्ज मिळालं. मंडळाकडे आम्ही पुन्हा अर्ज केला नाही. पहिल्या वर्षीची परीक्षा संपवून मे महिन्यात मी घरी आले तेव्हा आण्णा पैसे आधीच घेतलेल्या मांडवांत बांगड्या भरत होते, आणि मी त्यांच्याबरोबर जात होते. माल उधारीवर आणलेला होता. सुपात तांदूळ आणि नारळ असायचा, त्यावर काही नसायचं. सुनंदा जमदाडेचं पलूसचं स्थळ जमलं. गोदाक्कांनी मला तिच्या जवळपास येऊ दिलं नाही, आणि वऱ्हाडातल्या बायका माझ्या वाट्याला दिल्या. एक लग्न ठरून मोडलं. त्यांचे दीड हजार आण्णांनी तीन वेळा जाऊन फेडले. सकाळी आम्ही निघालो की आई दारातून विचारायची, "आज पैशाचं की फुकटचं?"

आण्णा म्हणाले होते तसं ते थोडं थोडं संपलं नाही. आई त्यांच्याशी गणपतीतच बोलायला लागली, पण तो विषय ती विसरली नाही. कुठे लग्नकार्यात माईक दिसला की तिला आठवायचं. मी फार्मसिस्ट झाले, इस्लामपूरला माझं स्वतःचं औषधांचं दुकान आहे, त्याला नऊ वर्षं झाली. गेल्या दिवाळीला आम्ही तासगावला गेलो होतो. जेवताना माझ्या मुलाने भात नको म्हटलं, आणि आई माझ्या नवऱ्याला सांगायला लागली, त्याने तो किस्सा सहा-सात वेळा तरी ऐकलेला असताना.

"तुमच्या सासऱ्यांनी भर सभेत आमचं घर उपाशी आहे म्हणून वाचायला लावलं. आणि वर पंधरा हजार उधळून आले. विचारा त्यांना."

आण्णा सत्तरीला आले आहेत. आता कमी ऐकू येतं, पण हे ऐकू येतं.

"चुकलं माझं," ते म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता ताट पुढे केलं.

मी त्यांना भात वाढला.